झेंड्याच्या तीन गाठी

बाळाला कडेवर घेऊन ती लाँचच्या रांगेत उभी होती. पुढच्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या हातात देशाचा झेंडा होता, पलीकडच्या काठावरच्या त्यांच्या शिडाच्या होडीसाठी घेतलेला, नीट घडी घातलेला.

“अहो, शिडाच्या टोकाला लावला तर लांबून दिसेल की.”

“अगं, मानाची जागा होडीच्या मागच्या टोकाला असते. तिथेच दांडी बसवलीय. सूर्य मावळला की उतरवायचा.”

“बरं बाई! आणि धाकटीचं लाइफ जॅकेट?”

“तिच्या मापाचं मिळालं नाही. मोठीचं घालू तिला.”

“त्यातून सटकते ती.”

“आपली होडी ती केवढीशी! काठ सोडून कुठे जाणार आहोत?”

“मग झेंड्याला तीन-तीन गाठी मारणार म्हणता, त्या कशाला?”

“वारा काय सांगून येतो? पाण्यात पडला तर केवढा अपमान!”

“आणि पोरगी पडली तर?”

“काहीतरी अभद्र बोलू नकोस! बसेल की दांडीला धरून. दोन माणसं लोंबकळली तरी हलायची नाही ती.”

त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या तिने कडेवरच्या बाळाला दुसऱ्या हातानंही धरलं.

“मग जा तुम्ही दोघं, तुम्ही आणि तुमचा झेंडा. मी पोरींना घेऊन काठावर थांबते.”

“असं काय करतेस गं? मग होडीत माझा फोटो कोण काढणार?”