ओसरीची रविवारची बैठक

चिंतामणी : ...तर आपल्या ‘ओसरी’ ॲपची नवी आवृत्ती एक तारखेला येतेय. धडे नेट नसतानाही उघडतील, अक्षरं मोठी करता येतील. कुणाला काही विचारायचंय?

रुक्माबाई : कुणाला म्हंजे? मी एकटीच तर हाय, मास्तर.

चिंतामणी : असू दे. विचारलं असं अहवालात लिहावं लागतं. पूर्वी तेवीस जण यायचे.

रुक्माबाई : म्हणून तेवीस जणांस्नी ऐकू जाईल असं बोलताय व्हय?

चिंतामणी : बत्तीस वर्षं वर्गात गेली, आवाज उतरत नाही. तुमचा मात्र तुटतोय.

रुक्माबाई : घरात रेंज न्हाय. जांबोटीच्या बसस्टॉपवर शेडात उभी हाय.

चिंतामणी : मग आटोपतं घेतो. मराठी वाक्यं आता मशीन नव्यानं करणार. जुनं वाक्य राखायचं तर शिकणाऱ्या दोघांनी आज ‘ठेवा’ दाबायचं. लिहिणाऱ्याचं मत धरत नाहीत.

रुक्माबाई : कुठलं वाक्य जाणार?

चिंतामणी : बरीच. उघडल्या उघडल्या येतं ते पहिलं. ‘आलात? बसा.’ त्या जागी ‘लॉगिन यशस्वी’.

रुक्माबाई : ते जायला नको.

चिंतामणी : तुमचं शिवणकाम तर केव्हाच शिकून झालं.

रुक्माबाई : दोन वर्षं झाली. ब्लाऊज आता डोळं झाकून कापीन. पर पोरगा साईराज आन् सून बेळगावात. मालक गेल्यापासनं घरात मला ‘बस’ म्हणणारं कोण न्हाय. रोज सकाळी हितवर चालत येते, तेवढं वाचते आन् जाते. तुमी लिवलंय ते?

चिंतामणी : मीच.

रुक्माबाई : मला वाटलं, कंपनीचं आसंल.

चिंतामणी : कंपनी कुठली? फुकटचं, सगळ्यांचं काम. मराठीला आम्ही सहा जण होतो. कुणाला नोकरी लागली, कुणाला कंटाळा आला.

रुक्माबाई : थांबा. दाबलं ‘ठेवा’.

चिंतामणी : एक झालं.

रुक्माबाई : दुसरं साईराजला दाबाय सांगते की.

चिंतामणी : तो शिकलेला नाही ना त्याच्यावर. चालायचं नाही.

रुक्माबाई : मग जाणारच म्हणा.

चिंतामणी : जाणार.

रुक्माबाई : तुमास्नी लई लागलंय, मास्तर.

चिंतामणी : लागलंय. मुलगी पुण्यात, इथं मी आणि हा कॉम्प्युटर. खरं सांगू? मीही सकाळी तेवढ्यासाठीच उघडतो. आपणच लिहिलेलं आपणच वाचायचं, तरी बरं वाटतं.

रुक्माबाई : हे अहवालात लिवू नगा.

चिंतामणी : नाही लिहीत.

(पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. बैठकीला अजून दहा मिनिटं आहेत.)

चिंतामणी : हॅलो, हॅलो. आवाज तपासतोय. इतक्या लवकर कुणी नसणारच म्हणा...

रुक्माबाई : आलासा, मास्तर? बसा.