निवळलेलं पाणी

शेवंती : ह्या फाटला गे! फ्रीजमधून काढला तेव्हा पाण्यासारखा होता. आता बघ, नासलेल्या दुधासारखा झाला.

तनया : आई, ते दूध नाही. दे इकडे. तुझ्या हाताची ऊब लागली म्हणून पांढरं झालं. परत फ्रीजमध्ये ठेवलं की पाण्यासारखं होईल.

शेवंती : फाटलेला कधी सरळ होता?

तनया : जेल आहे तो. मी लॅबमध्ये करते तोच. भिजलेल्या साबुदाण्यासारखे मऊ दाणे, पण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. थंडीत फुगतात, ऊब लागली की आकसतात.

शेवंती : साबुदाणो गरम पाण्यात फुगता.

तनया : हा उलटा साबुदाणा समज.

शेवंती : उलटो साबुदाणो करूक तू इतकी वर्षां युनिव्हर्सिटीत! शेजारची रुक्मिणी विचारता, चेडू काय शिकता. मी काय सांगू तिका? बरा, माझी बाटली परत हाडलंस?

तनया : कसली बाटली, नंतर बघू. बाबा आले का?

बाबली : इलंय, इलंय. पायाची माती धुतंय. काय गे बाय, उद्या सोमवार, भाषण तुझा, आणि तू आज मुळगावात?

तनया : भाषणासाठीच आलेय, बाबा. बसा इथे. चतुर्थीनंतर तुम्ही मला शेताकडच्या ओहोळाचं पाणी आणून दिलं होतं, जेल घालून बघायला, पहिल्यांदा. आठवतं?

बाबली : आठवणा नाय कसा? तुयाच फोन केलंस ना रडत. म्हटलंस, बाबा, निवळला! लाल गाळ सगळो तळाक बसलो, वर चकचकीत पाणी. मी त्याच पावलार देवळात गेलंय आणि सगळ्यांक सांगलंय.

तनया : ते पाणी कुठून भरलंत?

बाबली : खंयसून म्हणजे? ओहोळातसून. खाणीवयल्यान येता, आमच्या शेताच्या बांधाकडे वळता, थंयसून. दुसरो ओहोळ खंय असा आमका?

तनया : आणि त्यानंतर दर वेळी?

बाबली : थंयसूनच.

तनया : मग मला कळत नाही. खरंच कळत नाही, बाबा. तेच पाणी, तोच जेल, तेच ऊन. पहिलं निवळलं. त्यानंतरचं एकही नाही. लालच्या लाल. मी जेल परत केला, पुन्हा पुन्हा केला. सर म्हणतात, पहिल्यांदा निवळलं ना, तेच दाखव, फोटो सुंदर आलाय.

शेवंती : मग दाखव. फोटो खोटो नाय ना?

तनया : फोटो खरा आहे. पण का निवळलं ते मला माहीत नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणी विचारलं तर काय सांगू?

बाबली : थांब, माका आठवूक दी. त्या दिवशी आयतवार होतो. खाणीचे ट्रक बंद. म्हणान पाणी जरा हलका असतला.

तनया : नाही. निवळण्याआधीचाही फोटो आहे. गडद लाल होतं.

शेवंती : मी सांगू? त्या दिवशी ह्यांनी देवीक गाराणा घातलेला. चेडवाच्या हाताक यश दी म्हणान. मागीर एकदाय घातल्यानी नाय.

बाबली : अगे, गाराण्यान गाळ बसता तर आमी इतकी वर्षां कित्याक रडलो असतो?

तनया : बाबा, नीट आठवा. पाण्यात काही पडलं होतं? खत? साबण? वर कुणी कपडे धूत होतं?

बाबली : कोण नाय. मी गेलंय, वाकलंय, बाटली भरलंय, बूच लावलंय, आणि तुझ्या बसीर नेऊन दिलंय.

शेवंती : बाटली भरल्यात, ती गेली ती गेली. चांगली जाड काचेची, माझ्या आवयन इब्रामपूरसून दिलेली. तेव्हापासून मी ओरडतंय, माझी बाटली, माझी बाटली. कोण ऐकता?

तनया : आई, थांब. कुठली बाटली?

शेवंती : आगळाची गे! भिरंडांचा, कोकमांचा आगळ घालून ठेवतंय ती. ह्यांका घरात दुसरी बाटली गावली नाय.

तनया : बाबा, पहिलं पाणी आगळाच्या बाटलीतून दिलंत?

बाबली : रिकामी होती.

शेवंती : रिकामी खंय? तळाक बोटभर होता. कढीक ठेवलेला.

बाबली : ता मी ओतलंय. आणि बाटली धुतलंय पण.

तनया : कशाने धुतलीत?

बाबली : ओहोळाच्या पाण्यान.

तनया : त्याच लाल पाण्याने.

बाबली : मग थंय नळ असा? लालात लाल, निघाला काय नाय, कसा कळतला? वाईट काय झाला तेच्यात? आगळ खावचीच वस्तू.

तनया : आंबट वास आला होता मला. वाटलं, कुजलेलं गवत असेल. आंबटपणा मोजायला हवा होता, रोज मोजते, त्याच दिवशी नाही मोजला. थोडं पाणी जेल न घालता बाजूला ठेवायला हवं होतं. सगळ्यात घातला, एवढी घाई झाली होती मला.

बाबली : बाय, माका समजावन सांग. तुझा जेल काम करता काय नाय?

तनया : लाल माती एवढी बारीक असते की तिचे कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यातच तरंगत राहतात. आंबट आणि मीठ पडलं की ढकलणं थांबतं, कण एकत्र येतात, खाली बसतात. आगळात दोन्ही आहे. आता ते आगळाने झालं की जेलने की दोघांनी मिळून, मला नाही माहीत.

शेवंती : मग बघूया ना. आगळ घरात असा, ओहोळाचा लाल पाणी बाल्दीत असा, तुझा फाटलेला फ्रीजमध्ये असा. ग्लास काढतंय.

तनया : तीन काढ. पहिल्यात नुसता जेल. दुसऱ्यात नुसतं आगळ. तिसऱ्यात दोन्ही.

शेवंती : आगळ किती? कुलेरभर?

तनया : अर्धा चमचा. आणि आई, ग्लास जागचे हलवू नकोस. मेज पुसायचं म्हणून उचलशील आणि कुठला कुठला ते कळणार नाही.

बाबली : मी बसतंय राखण. कोण हात लावता बघूया.

(तासाभराने. खिडकीतून ऊन मेजावर आलं आहे.)

शेवंती : पहिलो लालच.

तनया : नुसता जेल. हो, लालच.

शेवंती : दुसरो निवळलो. माझ्या आगळाचो.

बाबली : तिसरोय निवळलो! जेल आणि आगळ. बघ, म्हणजे तुझा जेल चलता.

तनया : दुसरा आणि तिसरा सारखेच आहेत, बाबा.

बाबली : नाय गे. तिसरो जरा बरो. माका दिसता ना.

तनया : बाबा.

बाबली : हय बघ, ह्या बाजूक येऊन बघ. उजेडात धर. तिसऱ्याचो गाळ दाट बसलो.

शेवंती : चष्मो घाला आधी. दोनूय सारखेच.

तनया : सारखेच आहेत. जेल नसता घातला तरी निवळलं असतं. माझं त्यात काहीच नव्हतं. मी तो फोटो आरशाला चिकटवून ठेवलाय, रोज सकाळी बघते. मला खूप लाज वाटते, बाबा. आणि तुमच्यावर रागवावंसं वाटतं, तेही जमत नाही.

बाबली : राग माझ्यार. बरोबर असा. बाटली मीच दिलंय.

शेवंती : पण सोपा झाला ना! जेल नको, काय नको. शेतात आगळच ओता.

बाबली : शेतात मीठ ओतूक सांगतंस? भात येतला? खाणीच्या मातीन वरसून पापडी धरता ती एक, खालसून मीठ दुसरा.

तनया : म्हणून तर जेल करत होते, आई. मीठ नको, आंबट नको. उन्हाने तापेल, आकसेल आणि गाळ घेऊन खाली बसेल. तसं व्हायला हवं होतं.

बाबली : होवचा होता?

तनया : अजून वाटतं मला. पण आता वाटण्यावर माझा विश्वास राहिला नाही. बाबा, तुम्ही कुठे निघालात?

बाबली : बांधाशेजारच्या कृष्णनाथान वायंगणाचा, थंडीतल्या भाताचा, बियाणा भिजत घातल्यान.

तनया : कधी?

बाबली : काल. ओहोळाकडची शेती त्याने सोडलेली, माती बसता म्हणान. मी सांगलंय, घाल यंदा, माझ्या चेडवाचा औषध येता, पाणी निवळून शेतात सोडूया. त्याने विचारल्यान, नक्की? मी म्हटलंय, नक्की, फोटो बघितलंय मी.

तनया : बाबा, औषध म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं.

बाबली : तू सांगूक नाय. मीच सांगलंय. माका बरा वाटला सांगूक. लोक विचारीत, तुझी तनया इतकी शिकता, तेचा आमका काय? त्या दिवशी माका जबाब गावलो.

शेवंती : आता काय करतल्यात?

बाबली : जातंय तेच्याकडे. भिजलेला बियाणा पेरूकच होया, रवाचा नाय, कुजतला. वयल्या शेताच्या कुणग्यात माझी जागा असा, थंय झरीचा पाणी येता, ओहोळाचा पोचणा नाय. थंय पेर म्हणान सांगतलंय तेका.

तनया : मग आपलं भात कुठे?

बाबली : आपला बघूया.

शेवंती : आणि हिचा उद्याचा भाषण?

तनया : फोटो काढून टाकते. सरांना आत्ताच फोन करते. ओरडतील. सांगते, पाण्यात आगळ होतं.

शेवंती : इतक्या मोठ्या माणसांत आगळाचा नाव घेतलंस तर हसतीत गे.

तनया : हसू देत. जेवढं कळलंय तेवढं तरी खरं सांगेन. परत पहिल्यापासून करावं लागेल, आई. जमेल की नाही, तेही माहीत नाही.

बाबली : कृष्णनाथाकडसून येऊन मी नवी बाटली उकळत्या पाण्यान धुतंय. सकाळी बसीक जावच्या आधी माझ्यावांगडा ओहोळार चल.

तनया : तुम्ही भरून द्या ना, बाबा. मला तयारी करायचीय.

बाबली : नको बाय. मी बाजूक उभो रवतंय. पाणी तू भर.