तिसऱ्या खुंटीवरचा इन्कमटॅक्स

सन्माननीय अध्यक्ष कुशाबा सावंत, व्यासपीठाची शोभा वाढवणारे प्रमुख पाहुणे आणि इन्कमटॅक्स कचेरीतले निरीक्षक शामराव वैद्यसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या खोलीचे कारभारी तात्या राऊळ, खानावळीच्या कमलाबाई, भरडवाडी ग्रामस्थ मंडळाचे सभासद, आणि पहिली पाळी सुटल्यावर केसांतला कापूसही न झटकता थेट इथे आलेल्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि घंटा स्वतःजवळ ठेवली आहे. मी रामदास घाडी, मोंबासाच्या गोदीत अकरा वर्षं फिटर होतो. घंटा वाजली की हातातलं काम टाकून उठायचं, ही सवय अजून गेलेली नाही. तेव्हा कुशाबा, जरा जपून.

तात्या पस्तीस वर्षांच्या गिरणीच्या नोकरीनंतर परवाच्या बोटीने गावी निघाले आहेत. त्यांचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितले. एकाने तर त्यांना वटवृक्ष म्हटलं. तेव्हा तात्या माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ह्यो कोणाबद्दल बोलता?"

मी गुणवर्णनाला उभा नाही. मला एक खुलासा करायचा आहे. गेली तीन वर्षं तात्या उभ्या लालबागेत सांगत आले आहेत की, "रामदासाक इन्कमटॅक्सवाले धरून नेत होते, मी साक्ष दिलंय म्हणान सुटलो." लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "काय, सुटलात म्हणे?" मी मान हलवतो. आज मात्र खरं काय ते सांगतो. घडलेल्या प्रकाराचे साक्षीदार खुद्द वैद्यसाहेब इथे बसले आहेत, त्यामुळे मला मीठमसाला लावायचीही सोय नाही.

सत्तावन्न साली मी आफ्रिकेहून कायमचा परतलो. तिकडे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधून भाड्याने दिलं होतं. परतण्याच्या आदल्या वर्षी गणपतीला महिनाभर रजेवर आलो, तेव्हा तिकडचा पगार आणि भाडं मिळून साठलेलं सगळं बरोबर आणलं होतं. का? तर परळला लोखंड कातायचं स्वतःचं लेथ टाकायचं माझं स्वप्न होतं. अन् कायमचा आल्यावर हातात काय पडलं? नोटीस! तिकडच्या कमाईवर इकडे कर का लावू नये, असा सरकारचा नम्र प्रश्न.

आमच्या खोलीत एक कायदेपंडित आहेत, आनंदा. गिरणीच्या गेटवर वकिलांचे कागद वाटता वाटता ते पंडित झाले. आनंदा म्हणाले, "रामदास, तू वर्षभर परदेशात होतास. महिनाभर इथे आलास त्याला कोण विचारतो? पण इथे तुझ्यासाठी राहतं घर राखलेलं असलं, तर मात्र तू इथला रहिवासी. मग कर लागू. तेव्हा एकच वाक्य पाठ कर. साहेब, मला मुंबईत घर नाही."

आणि ते खोटं तरी कुठे होतं, सांगा? आमची खोली दहा बाय बारा. भाडेपावती तात्यांच्या नावावर. गावची अठरा माणसं, तीन पाळ्या. एक उठला की त्याच्या ऊबदार वाकळेवर दुसरा आडवा. प्रत्येकाच्या मालकीची एक ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी. याला कुठला कायदा माझं घर म्हणेल? मी निर्धास्त झालो.

वैद्यसाहेब चौकशीला आले ते नेमके रविवारी, सगळी खोली भरलेली असताना. त्यांना ट्रंकेवर बसवलं. मी हात जोडून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. साहेबांनी लिहून घेतलं, टोपण लावलं आणि सहज विचारलं, "मग रजेवर आलात की उतरता कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून तात्या उठले. त्यांचा उजवा खांदा तेव्हा धड वर होत नव्हता. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून मोर्चात गेले होते, तिथला प्रसाद. ते म्हणाले, "काय बोललंस? घर नाय? मुंबय आमची म्हणान मी हंय लाठयो खातंय, आणि तू माझ्या खोलयेत उभो रवान सायबांका सांगतंस, मुंबयत घर नाय?"

मी त्यांच्या पायावर हळूच पाय दिला. तात्या मोठ्याने म्हणाले, "पाय कित्याक मारतंस?"

मग त्यांनी साहेबांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. दारापासून तिसरी खुंटी. तिच्यावर माझा सदरा. शेहेचाळीस साली बोटीवर जाताना विसरलो होतो तो; रजेवर आलो तेव्हा वाटलं, चुकून राहिला असेल. "बघा सायबानू. अकरा वर्सां हेच्यार दुसऱ्याचो सदरो लागाक दिलंय नाय."

साहेबांनी टोपण काढलं.

आता आनंदांनी गप्प बसावं की नाही? शिकवणारे तेच ना! पण सत्य आतून उसळी मारतं म्हणतात. ते पुढे होऊन म्हणाले, "खरं आहे साहेब. मी एकदा ओला पंचा टांगला होता, तर तात्यांनी आठ दिवस सगळ्यांचं पाणी भरायला लावलं." तेवढ्यात कमलाबाई डबे घेऊन आल्या. साहेब माझ्या जेवणाच्या सोयीची चौकशी करतायत, असं वाटून त्यांनी सांगितलं, "रामदासाचा ताट माज्याकडे आसा. नाव घातलेला. दर गणपतीत घासून ठेवतंय." आणि शेवटचा खिळा तात्यांनी ठोकला. खोलीच्या भाड्यातला माझा वाटा दर महिन्याला ते स्वतः भरत होते. मला एका पत्रानेही कळवलं नव्हतं.

यापेक्षा भक्कम पुरावा सरकारी वकिलालाही जमला नसता. माझं लेथ डोळ्यांसमोर गरगर फिरून थांबलं.

वैद्यसाहेब, तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "घाडी, एका खुंटीला घर म्हणायचं की नाही, याची मलाही शंका आहे. तुम्ही 'घर नाही' म्हणालात, तर मी तसं लिहीन. विचार करून सांगा."

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. खुंटीवरच्या सदऱ्याची कॉलर हाताने सरळ करत होते. मोंबासात अकरा वर्षं मी रात्री डोळे मिटताना समजत होतो की मागे आपलं असं काही राहिलेलं नाही. लाज वाटली हो मला, खरोखर लाज वाटली. म्हटलं, "लिहा साहेब. घर आहे."

(कुशाबा, एकच मिनिट. घंटा खाली ठेवा.)

तर तात्या, घर दाखवलं म्हणजे माणूस सुटतो असं तुम्हाला वाटलं, पण तुमच्या साक्षीने मी सुटलो नाही, चांगला अडकलो. कर भरला. लेथ दोन वर्षं लांबलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तो वाटाही भरायला निघाला असतात! आणि त्या कराबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. येत्या एक तारखेला आपलं राज्य होतंय, मुंबईसकट. ज्यासाठी खांदा गेला, तो दिवस आठवड्यावर आला असताना तुम्ही बोट धरताय, हे एक. आणि दुसरं, आज सकाळी तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंय. तुमच्या खुंटीवरचा सदरा काढलात, खुंटी पंच्याने पुसलीत, आणि मला म्हणालात, "कोणाक तरी दी आता. माझा मुंबयत काय उरला?"

तात्या, हे तुम्ही बोलता?

खोलीतल्या सतराजणांनी दुपारी बैठक घेतली. ठराव आनंदांनी लिहिला आहे, म्हणजे कायद्यात बसतो. ती खुंटी तुमची. तिच्यावर ओला पंचा टांगणारा आठ दिवस पाणी भरेल. भाड्यातला तुमचा वाटा आम्ही भरू, आणि तुम्हाला पत्राने कळवणार नाही. वैद्यसाहेब, आपण सरकारी माणूस म्हणून नोंद घ्यावी, तात्या राऊळ यांचं मुंबईत राहतं घर आहे. कर लागला तर माझ्याकडे या.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. फिटरच्या हातून शब्द कुठे सैल, कुठे जास्त आवळले गेले असतील, तर पदरात घ्या.

आणि तात्या, बोटीला अजून दोन दिवस आहेत. ट्रंक उघडा, एक सदरा बाहेर काढा, आणि जाण्याआधी तो होता तिथे टांगा.