दिगू तोडणकर सावली मागायला जातो

मंडळी, पूर्वरंगात एक प्रश्न टाकला होता, आठवतोय का? नाही? पंख्याखाली बसलेल्यांचा डोळा लागला असणार! पुन्हा विचारतो. वादळ आलं ते आपल्या सगळ्यांना कळलं — कौलं उडाली, माड आडवे झाले, डोळ्यांदेखत! पण ते गेलं कधी? वारा थांबला तेव्हा? लाइट आली तेव्हा? तलाठी पंचनामा करून गेले तेव्हा? सांगा ना!

मग ऐका. आख्यान पुराणातलं नाही. आपल्याच किनाऱ्यावर शेवरे म्हणून गाव आहे, तिथलं आहे. समुद्रापासून डोंगरापर्यंत नारळ-पोफळींच्या वाड्या, एकीला एक लागून. मधे फक्त दगडांचा गडगा. तिथं राहतो दिगंबर तोडणकर. गाव त्याला दिगू म्हणतं. माणूस कष्टाळू. पण मानी! पायात काटा मोडला तरी दुसऱ्याला काढू द्यायचा नाही.

त्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, इंदूवहिनी मयेकरांची वाडी. नवरा गेलेला, मुलगा पनवेलला, बाई एकटी. गडग्यालगत तिचा एक मोठा फणस होता. त्याची सावली दुपारनंतर दिगूच्या खळ्यात पडायची — जिथं तो सुपारी वाळत घालायचा, तिथंच! दिगू भांडला. ग्रामपंचायतीत गेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमची सावली तुमच्या हद्दीत ठेवा!"

अहो, सावली काय शेळी आहे, दाव्याला बांधून ठेवायला? पण वहिनीनं वाद घातला नाही. फणस तोडून टाकला. त्या दिवसापासून अबोला. नऊ वर्षं!

मग ते वादळ आलं. जूनचा पहिला आठवडा. — तबलजी, हात थांबवा जरा. इथं ठेका नको. — चार तास! चार तासांत दिगूच्या बापानं लावलेली पोफळ न् पोफळ मोडली. दुसऱ्या दिवशी दिगू घराच्या पायरीवर उभा राहिला, तर त्याला समोर समुद्र दिसला. त्या पायरीवरून जन्मात कधी दिसला नव्हता! समुद्र बघायला मुंबईहून लोक येतात, मंडळी. तो माणूस समुद्र बघून रडला.

पण उठला. पाऊस लागल्याबरोबर नवी रोपं आणली. दोनशे! सगळ्यांच्या आधी लावली. गावाला म्हणाला, "सहा वर्षांत पहिला घोस माझ्या वाडीत!" आणि चूक इथंच झाली. बागायतदारानंच करावी अशी चूक! जन्मभर गर्द सावलीत वावरलेला माणूस — त्याला सावली दिसतच नाही! पोफळीचं रोप नाजूक, लहानपणी ऊन सोसत नाही. पण बापाच्या झाडांखाली पडलेलं बीसुद्धा आपोआप जगायचं, मग हे लक्षात कुणी ठेवायचं?

ऑक्टोबर तापला. रोपं पिवळी पडली, मग करपली. दिगूनं पाणी वाढवलं, शेणखत घातलं. तरी दीडशे गेली. जगली कुठली? गोठ्याची एक भिंत उभी होती, तिच्या आडची! दिगू त्या भिंतीपाशी मटकन बसला. सावली हवी. पश्चिमेची सावली!

तुम्ही म्हणाल, लावावी की केळ मधेमधे. लावली! पण वाडी म्हणजे लांबट पट्टी, रुंदी वीस पावलं. दुपारनंतरचं तिरपं ऊन वहिनीच्या उजाड वाडीवरून सरळ आत यायचं. आडोसा करायचा तर तिच्या हद्दीत! त्यात बातमी आली — वहिनी वाडी विकतेय. गिऱ्हाईक तिथं लॉज बांधणार, पार्किंगला जमीन सपाट करणार.

आता काय करावं दिगूनं? आठ दिवस वहिनीकडं गेला नाही. आठ दिवसांत आणखी बारा रोपं गेली. बायको म्हणाली, "आता तुमच्या मानालाच पाणी घाला, तो तरी जगेल!"

तेव्हा गेला. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"दिगू? वाट चुकलास?"

"मागायला आलोय, वहिनी."

"काय?"

दिगूनं मान खाली घातली. "सावली," म्हणाला.

वहिनी हसली नाही. तांदळातला खडा वेचला, बाजूला टाकला. "ती मी माझ्या हद्दीतच ठेवली होती रे. वादळानं नेली."

"चुकलं माझं. तुमच्या कडेला केळी लावा. लावायला मी येतो, राखायला मी येतो. पण वाडी विकू नका."

"हौसेनं विकतेय होय?" वहिनीचा आवाज चढला. त्याला विहिरीपाशी नेलं, पोहरा ओढला. "पी!"

दिगूनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला. खारट! वादळात समुद्र विहिरीत शिरला होता. पाच महिने ती बाई गावच्या नळावरून हंडे वाहत होती. झाडांना काय घालणार? आणि गडग्यापलीकडं दिगूची विहीर — गोड!

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस?"

मंडळी, दोघंही बुडत होती. एकाकडं पाणी, दुसरीकडं सावलीची जागा. आणि मधे कमरेएवढा गडगा!

त्याच दुपारी दिगूनं गडग्याचे चार दगड काढले आणि पाइप पलीकडं टाकला. वहिनीनं गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. केळी लावल्या, पोफळी लावल्या. आता वहिनीच्या रोपांनाही पश्चिमेची सावली हवी, म्हणून ती गेली पुढच्या वाडीत मागायला. तो शेजारी त्याच्या पुढच्याकडं. मागत मागत, पाइपाला पाइप जोडत गाव समुद्राशी पोचलं. शेवटच्या वाडीनं कुणाकडं मागायचं? पलीकडं वाळू! तिथं सगळं गाव उतरलं आणि सुरूच्या झाडांच्या रांगा लावल्या.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा वादळ! सगळ्या केळी झोपल्या. दिगूनं कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाली, "ऊठ. गड्डा जमिनीत आहे अजून." पंधरा दिवसांत कोंब!

सहाव्या वर्षी पहिला घोस आला. दिगूच्या वाडीत नाही — वहिनीच्या! उतरवायला तिनं दिगूलाच बोलावलं. आता आठवं वर्ष. सुपारी सोलायला बायका पुन्हा बसतात. व्यापाऱ्याचा टेम्पो गावात येतो. मुंबईला गेलेल्या चार घरांची कुलपं निघाली.

कळलं, वादळ गेलं कधी? दिगूनं वहिनीच्या ओट्याशी तोंड उघडलं, तेव्हा! द्यायला आपण सगळे पुढं. देताना मान ताठ राहते हो! मागताना मोडते. म्हणून तर कितीतरी घरांवर अजून ताडपत्री आहे.

माझ्याही घरावर आहे. हसू नका. माझा थोरला भाऊ घरं शाकारतो, तोच त्याचा धंदा. पाच कोसांवर राहतो. वाटणीवरून बोलणं तुटलं. माझी मुलं दर पावसात गळक्या जागी भांडी मांडतात, आणि मी गावोगाव तुम्हाला दिगूची गोष्ट सांगत फिरतो! आज सांगताना जीभ जड झाली, मंडळी. सकाळी सहाला त्याच्या गावाची एसटी आहे. मी जाणार. मागणार.

आता हात जोडा, देवाचं नाव घ्या. आणि उठलात की सरळ घरी जाऊ नका. कुणाच्या दारात जायचं राहिलंय, ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.