परीक्षेच्या सकाळी शेवाळाचं सार

(दक्षिण किनाऱ्यावरचं एक लहानसं विद्यापीठ, त्याच्या मागच्या चढावरचं, विद्यार्थ्यांना राहायला-जेवायला ठेवणारं घर. डिसेंबरातली सकाळ. बुटक्या टेबलापाशी हेवॉन. चुलीपाशी घरमालकीण, जिला सगळी मुलं मावशी म्हणतात. थोड्या वेळानं येतो तो तेसोक, इथंच जेवणारा, हेवॉनच्या पुढच्या वर्गातला.)

हेवॉन : झाकण परत ठेवा, मावशी.

मावशी : निवेल म्हणून काढलं. तुला कढत चालत नाही.

हेवॉन : ठेवा म्हणतेय ना. आत काय आहे ते पाहिलं मी.

मावशी : पाहिलंस तर बरंच झालं. भात वाढू?

हेवॉन : समुद्री शेवाळाचं सार आहे.

मावशी : हं.

हेवॉन : आज.

मावशी : आज म्हणजे काय, रोज काहीतरी असतंच की.

हेवॉन : या घरात इतकी मुलं जेवून गेली. परीक्षेच्या सकाळी कुणापुढे कधी शेवाळ ठेवलंत? ते बुळबुळीत पान पोटात गेलं की माणूस परीक्षेत घसरतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. गेल्या वर्षी तुम्ही मला केळंसुद्धा खाऊ दिलं नव्हतं. साल निसरडी म्हणून.

मावशी : आणि तरी नापास झालीसच.

हेवॉन : लागतं हो असं बोललेलं.

मावशी : लागू दे. रिकाम्या पोटी जाण्यापेक्षा बरं.

तेसोक : दारातच थांबू का? आत वादळ दिसतंय. बाहेरही काही कमी नाही, मावशी, दोरीवरचे तुमचे मासे एकमेकांना थपडा मारताहेत.

मावशी : बूट काढ आणि ये. तुझा भात झाकलाय.

तेसोक : अरे बापरे. हे कुणासाठी?

हेवॉन : बघ दादा, तूच बघ. तुझ्या वाडग्यात सोयाबीनचं सार. माझ्या वाडग्यात हे. म्हणजे चुकून झालेलं नाही. दोन पातेली चढवलीत बाईंनी.

तेसोक : मावशी, हिच्याशी काही वैर आहे का तुमचं? नकाशाच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय ती. आज घसरली तर वसंतात शिकाऊ जहाजावर जागा नाही. जहाज नाही तर पदवी नाही. अख्ख्या नौकानयन विभागात उरलेत किती, त्यात ही एकटी मुलगी. ही गेली की पुढच्या वर्षी विभागालाच टाळं.

मावशी : मला माहीत आहे ते सगळं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तूच लाल पेनानं लिहून ठेवलंयस, मी रोज तिथंच दूधवाल्याचा हिशेब करते.

तेसोक : आणि तिकडे कुणीतरी हिच्यासाठी जिवाचं रान करतंय. आत्ता पळायला गेलो होतो, तर विभागाच्या फाटकाला तांदळाची चिकट चिक्की चिकटवलेली. ही एवढी मोठी लादी. परीक्षेत कुणी घसरू नये, चिकटून राहावं म्हणून. आमच्या वेळी कुणी बोटाएवढीसुद्धा चिकटवली नव्हती.

हेवॉन : एक जण चिकटवतो, एक जण घसरवतो. छान.

मावशी : तू खा रे. बोलू नकोस.

हेवॉन : मावशी, तुम्ही गुणगुणताय.

मावशी : मी?

हेवॉन : तेच तुमचं, शेवाळ वाळत घालायचं. ‘ये गं लाटे, जा गं लाटे, किनारी पान टाक, लेक माझी दूरदेशी, तिला मारते हाक.’ काही लपवायचं असलं की तुम्ही तेच म्हणता. मागे माझा स्वेटर धुताना आटवलात, तेव्हाही दोन दिवस हेच चाललं होतं.

तेसोक : बरोबर. माझी सायकल विकलीत तेव्हाही.

मावशी : गंजून पडली होती ती.

हेवॉन : विषय बदलू नका. परवा संध्याकाळी तुम्ही फोनवर कुणाशी बोलत होतात?

मावशी : माझे काय कमी फोन असतात?

हेवॉन : मी जिन्यात होते. तुम्ही म्हणालात, ‘खाते, पण चिमणीएवढं.’ मग म्हणालात, ‘नाही नाही, तिला कळू दिलेलं नाही.’ ती म्हणजे मीच. या घरात दुसरी मुलगी कुठे आहे?

तेसोक : विद्यापीठाच्या साहाय्य केंद्रातल्या बाई असतील. नापास झालेल्यांच्या घरी त्या विचारपूस करतात. झोपते का, जेवते का. माझ्यामागेही लागल्या होत्या, मी त्यांना पाहिलं की जाळ्यांच्या शेडमध्ये लपायचो.

हेवॉन : मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या बाई तोंडावर विचारतात. मागच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला केक घेऊन आल्या, मेणबत्त्यासुद्धा स्वतःच फुंकल्या घाईत. त्यांना लपवून काय करायचंय? आणि केंद्राला काय ठाऊक सारात काय घालायचं ते?

मावशी : सारात काय घातलंय मी? विष?

हेवॉन : रानतिळाची पूड घातलीय. वासावरून कळतं मला. तुम्ही शेवाळात शिंपले घालता. हा सगळा किनारा शिंपले घालतो. रानतीळ आमच्याकडे घालतात, वर डोंगरात, जिथं शिंपला कुणी जिवंत पाहिलेला नाही. ही रीत तुमची नाही, मावशी. ही तुम्हाला कुणीतरी सांगितली.

तेसोक : आता मात्र माझाही घास अडकला.

हेवॉन : बाबांचा फोन होता ना तो?

मावशी : ये गं लाटे, जा गं लाटे...

हेवॉन : गुणगुणू नका.

मावशी : हो. त्याचाच.

हेवॉन : वाटलंच. मी नापास व्हावं असं जगात एकाच माणसाला वाटतं. दादा, तुला माहीत नाही. सुगीच्या पौर्णिमेला मी घरी गेले होते. सगळे काका, आत्या बसलेले, पितरांचं ताट मांडलेलं. त्या सगळ्यांसमोर म्हणाले, ‘समुद्राला हिच्यासारख्या हजार मिळतील, माझ्या बागेला कोण आहे? यंदा पुन्हा आपटलीस की गपचूप ये, सफरचंदं उतरवायला हात कमी पडतात.’ ताट उचलायच्या आत मी बस पकडली. तेव्हापासून त्यांचा नंबर बंद करून टाकलाय.

तेसोक : म्हणून शेवाळ?

हेवॉन : मग दुसरं काय? बोलून झालं, रागावून झालं. आता वाडग्यातून घसरवायचं. आणि तुम्ही त्यांना सामील झालात, मावशी. मी तुम्हाला मावशी म्हणते.

मावशी : झालं बोलून?

हेवॉन : झालं.

मावशी : मग मला एवढंच सांग. आज तुझी परीक्षा आहे हे तुझ्या बापाला कुणी सांगितलं?

हेवॉन : तुम्हीच. आणखी कोण?

मावशी : मी नाही. तू तर फोनच बंद केलायस. ही परीक्षा वर्षाअखेरीला असते की उन्हाळ्यात, त्या माणसाला पत्ता नाही. त्यानं मला परीक्षेचं विचारलं नाही. त्यानं तिथी सांगितली.

हेवॉन : कसली तिथी?

मावशी : अकराव्या महिन्यातली तृतीया. चंद्राच्या कॅलेंडरात बघ, तेसोकच्या लाल अक्षरांच्या खाली बारीक छापलीय.

तेसोक : थांबा. बघतो. हो, आहे.

हेवॉन : माझा वाढदिवस झाला. केक खाल्ला मी.

मावशी : तो कागदावरचा. केंद्राकडे कागदावरचीच तारीख असणार. तुझी आई कुठला धरायची?

हेवॉन : तिथीचा. आई तिथीचाच करायची.

मावशी : आणि वाढदिवसाच्या सकाळी काय करायची?

हेवॉन : आता वाढदिवसाला शेवाळाचं सार कोण करत नाही, मावशी.

मावशी : तेच म्हणते मी. तो फोनवर आधी नुसताच खाकरत होता. मला वाटलं, शेवाळ विकणारा कुणी. मग म्हणाला, ‘मी हेवॉनचा बाप. पहिल्या वर्षी गाद्या पोचवायला आलो होतो तेव्हा तुमचा नंबर घेतला होता. तृतीयेला तिला सार कराल का? कुणी करायला सांगितलंय ते सांगू नका, नाही तर ती खायची नाही.’ एवढं म्हणून सगळी कृती सांगायला लागला. मी या किनाऱ्यावर जन्म काढला, आणि हा डोंगरातला माळी मला शेवाळ कसं भिजवायचं ते शिकवतोय.

हेवॉन : त्यांना काय माहीत? ते कधी चुलीपाशी गेले नाहीत. आई गेल्यावर सार शेजारच्या ओक काकू पाठवायच्या.

मावशी : असं कोण म्हणालं?

हेवॉन : बाबाच.

मावशी : मला वेगळंच म्हणाला. म्हणाला, ‘वाळलेलं पान मूठभरच भिजवा हं. तिची आई गेली त्या वर्षी मी अख्खं पाकीट टाकलं. रात्रीतून फुगून घमेल्याबाहेर आलं.’

हेवॉन : तीन पातेली.

मावशी : काय?

हेवॉन : त्या वर्षी तीन पातेली भरली होती. मी शाळेत होते. सकाळ-संध्याकाळ तेच खात होतो आम्ही, कुत्र्यालाही तेच. मी म्हटलं, ओक काकू वेड्या आहेत का? तर म्हणाले, ‘हो, जरा वेडीच आहे ती.’

तेसोक : बिचाऱ्या ओक काकू.

हेवॉन : त्यानंतर मी त्यांच्याशी नीट बोललेच नाही कधी.

मावशी : फोन ठेवून कॅलेंडर बघितलं. त्याच चौकोनात परीक्षा. त्याला सांगावं तर तो म्हणणार, मग नका करू. पण तुझ्या परीक्षेची तारीख तू त्याच्यापासून झाकलेली, ती मी कशी उघडायची? तुला सांगावं तर त्याला दिलेला शब्द मोडतो. दोन्हीकडून चहाडखोर मीच. सार न करावं, तर बिनआईच्या पोरीचा दिवस कोरडा जातो. रात्रभर कूस बदलत होते.

तेसोक : आणि पहाटे उठून फाटकाला चिक्की चिकटवून आलात.

मावशी : तुला कुणी सांगितलं?

तेसोक : तुमच्या बाहीला लागलीय अजून. कोपराशी.

मावशी : निघतच नाही ती मेली. म्हटलं, एका हातानं घसरवतेय तर दुसऱ्या हातानं धरून ठेवावं. राखणदारानं विचारलं, ‘आजी, काय करताय?’ म्हटलं, ‘माझं काम करतेय, तू तुझं कर.’

हेवॉन : एवढी मोठी लादी कशाला?

मावशी : सार दोन वाडगे केलंय.

तेसोक : हेवॉन, हे बघ. झाकून ठेवू या. संध्याकाळी आलीस की खा. तिथी काही दुपारी संपत नाही. उगाच कशाला, एवढा अभ्यास केलायस.

मावशी : तो म्हणतोय ते खरंय. मी भाजलेला मासा देते. तो बुळबुळीत नसतो.

हेवॉन : ते झाकण काढा.

मावशी : पोरी, विचार कर. माझा यावर विश्वास आहे हो. नसता तर पहाटे गेले असते का?

हेवॉन : माझाही आहे.

तेसोक : मग?

हेवॉन : मग काय. चमचा दे, दादा.

तेसोक : गेल्या वर्षी तू बाकावर बसून रडलीस तेव्हा मी होतो शेजारी. पुन्हा बसणार नाही सांगतो.

हेवॉन : बसशील तू.

मावशी : हळू. पोळेल. कसं झालंय?

हेवॉन : पानं केवढी लांब ठेवलीत. एक तोंडात, एक वाडग्यात.

मावशी : मी कापतच होते. तो म्हणाला, ‘कापू नका, तिला लांबच आवडतात. लहानपणी न तोडता सरकन ओढायची.’

हेवॉन : मला लांब पानं कधीच आवडली नाहीत. आई बारीक कापायची. त्यांना कापायचं माहीत नव्हतं.

मावशी : अगं मग सांगायचं नाही का त्याला?

हेवॉन : समोर बसून बघत असायचे, मी खाते की नाही ते. म्हणून मी ओढायचे.

तेसोक : नऊ वाजत आले.

हेवॉन : निघते. दुसरा वाडगा माझाच, हात लावू नकोस.

मावशी : दुपारी त्याचा फोन येईल. काय सांगू? पानांचं सांगू का?

हेवॉन : नको. सांगा, सगळं खाल्लं.

मावशी : आणि परीक्षेचं?

हेवॉन : ते मी सांगेन. कशीही गेली तरी.