प्रफुल्लच्या हातचा पहिला ग्लास

समारंभाच्या अध्यक्षा माननीय हेमांगीताई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, प्रफुल्लचे आईवडील कौसल्याताई व काशीनाथराव, आणि दिल्लीच्या मुनिरक्यापासून फरीदाबादपर्यंतच्या खोल्यांमधून आलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

प्रफुल्लची प्रशासकीय सेवेत निवड झाली आणि उद्या तो प्रशिक्षणाला निघतो आहे. त्याच्या कष्टांविषयी आधीच्या वक्त्यांनी यथोचित सांगितलं. मी पुनरुक्ती करत नाही. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा एक प्रश्न मांडण्याची मुभा अध्यक्षांनी मला द्यावी.

मुनिरक्यातल्या आपल्या मराठी मुलांत एक रीत पडली आहे. निवड झालेला उमेदवार गच्चीवर पार्टी देतो आणि पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या सोबत्याला दारूचा पहिला ग्लास आपल्या हाताने देतो. त्याला 'शकुन' म्हणतात. तो नाकारला तर यश रुसतं म्हणे! कौसल्याताई, आपल्या घरी मद्य वर्ज्य मानणारं पंचशील म्हटलं जातं, हे मी जाणतो. ही रीत मुलांनी गावाहून आणलेली नाही. अधिकाऱ्याला ग्लास धरता यायला हवा, हेही इथेच कोणीतरी त्यांच्या मनात भरवतं. पण शकुनाचा ग्लास घेऊनही जे रिकाम्या हाताने परतले, त्यांची आठवण कोण काढतं? अनुमानातला हा दोष पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही दाखवील.

आजच्या पार्टीत तो ग्लास समर्थला मिळायचा आहे. समर्थ हा प्रफुल्लचा खोलीतला सोबती. त्याच्या संमतीनेच बोलतो आहे. अशाच पार्ट्यांनंतर उन्हाळ्यात त्याचं स्वादुपिंड सुजलं, रुग्णालयात ठेवावं लागलं. पुन्हा दारू घेतलीस तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. काल तो मयूर विहारला माझ्याकडे आला. मित्र म्हणतात, "यार, एका घोटाने कोण मरतंय?" गौरव, तू मागे बसला आहेस, मान खाली घालू नकोस, तू एकटाच तसं म्हणत नाहीस.

मी समर्थला सगळा युक्तिवाद ऐकवला. बिल्कुल पटलं, म्हणाला. मग दारात चपला घालताना त्याने विचारलं, "पण सर, हा माझा शेवटचा अटेम्प्ट. प्रफुल्लदादाच्या हातचा नाकारला आणि राहिलो तर?"

मृत्यूपेक्षा निकालाला अधिक भिणाऱ्या मुलापुढे कोणता तर्क चालतो? तेव्हापासून मी घाबरलो आहे. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

प्रफुल्ल, समर्थ नाही म्हणणार नाही. ते बळ आज त्याच्यात नाही आणि ते त्याच्याकडून मागणं न्याय्यही नाही. शकुन तुझ्या हाताचा मानला जातो, म्हणून तो मोडण्याचा अधिकारही तुझाच. तू ग्लास भरलाच नाहीस, तर त्याला काही नाकारावं लागणार नाही.

आपल्या मराठी मंडळाने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी विरजण घातलं असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्यावं. जेवण तयार आहे, असं कळतं. प्रफुल्ल, त्याआधी तुझं उत्तर समर्थच्या देखत ऐकायचं आहे. तोवर मला घास उतरणार नाही.