मागून फाडलेली पुस्तकं

आमी वडश्याकडचे, तलावावर मासोळ्या धरनारे. घर म्हणाल तं कुडाच्या चार भिती अन् वर कवेलू, आज चूल पेटन का नाई हे जाळं वर आल्यावर समजे. बा जाळं टाके, माय टोपली डोक्शावर घेऊन बाजाराले जाये, ओल्या मासोळ्या पळसाच्या पानात बांधून देये अन् सुकवलेल्या कागदात. आता तुमी विचारून राह्यले का बाई, नाटकाच्या तालमीचा तुमाले शौक, पण तालीम नसली का रिकाम्या वेळात कोणतं पुस्तक वाचता, तं त्याचं उत्तर त्या कागदापासूनच सांगा लागन, थोडं लांबन, चालन ना?

आमच्या घरी शिकलेलं कोणी नाई. पुस्तक आमच्याकडे आलं ते वाचाले नाई आलं, बांधाले आलं. माय वडश्याच्या रद्दीवाल्याकडून किलोनं कागद आणे, त्यात कधी वह्या, कधी जुने पेपर, कधी एखादं पुस्तक, त्याले कव्हर नाई का नाव नाई. मी तिसरीत होती, वाचता याले लागलं होतं, तं मी रडो का हे फाडू नको. माय म्हणे, बाई, तुह्या रडण्यात मासोळी बांधल्या जाते का? मंग एक दिवस तिनंच निकाल लावला, म्हणे तू पुढून वाच, मी मागून फाडीन. तेच चाललं मंग, वर्षानुवर्षं चाललं. दर बाजाराले पुस्तक मागून कमी होये अन् मी पुढून धावो. काय सांगू तुमाले, एकाही पुस्तकाचा शेवट माह्या हाती लागला नाई. माय बाजारातून आली का मी आधी टोपली पाहो, एखादं पान उरलं असन म्हणून. नसेच उरलं.

अन् ऐकनारा होता बा. बाले अक्षर येत नव्हतं, पण गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या नाटकात, तो बाईचं सोंग घेये, पंचक्रोशीत त्याच्यासारखी रडनारी राणी नव्हती. त्याची पाठांतराची रीत अशी, का कोणी तरी वाचावं अन् त्यानं वाचनाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहावं, दोनदा ऐकलं का झालं पाठ. मी वाचाले लागली तवापासून ते काम माह्यावर आलं. दुपारी जाळं वाळत टाकलं का तो सपरीत, घरापुढच्या ओसरीत बसे, म्हणे, बाई, काढ तुहं पुस्तक. मी वाचो, अन् पानं संपली का तो विचारे, मंग काय झालं? आता त्याले काय सांगू, का पुढची गोष्ट मायनं कोणाच्या तरी घरी बांधून पाठवली? तं मी पुस्तक समोर धरून मनानंच सांगो. हरवलेलं सापडे, रुसलेलं घरी येये, मेलेलं बी एकदा जितं केलं मी. बा खुश.

त्यात एक पुस्तक होतं नावाड्याचं. त्याची पोरगी शिकाले नदीपल्याड जाते अन् वापस येत नाई, तो रोज डोंगा घेऊन काठावर बसते. पुस्तक तिथीच संपलं, म्हणजे मायनं संपवलं. मी बाले सांगतलं, पोरगी आली, बापाले म्हणाली तू बस, आज डोंगा मी चालवीन. बाले ते एवढं आवडलं का मंडईच्या टायमाले, म्हणजे दिवाळीनंतर जत्रा भरे अन् रातभर नाटकं होत तवा, तालमीत साऱ्याईले सांगे. मी बारावी करून कॉलेजाले निघाली तवा लोकं म्हणत, पोरीले काऊन धाडता गा, हातची जाईन. तं बा म्हणे, जाऊ द्या, डोंगा चालवाले येईन ती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक मले भेटलं. पहिल्या ओळीवरूनच ओळखलं, पाठच होती ती ओळ. तिथीच उभी राहून मागची पानं वाचली. पोरगी येत नाई. नावाडी वाट पाहता पाहता डोंग्यातच मरते, अन् ती येते तवा घाटावर दुसराच माणूस असते.

त्याच हिवाळ्यात बाचं छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरनं सांगतलं, आता घरीच ठेवा. अन् फोनवर मी बोलता बोलता बोलून गेली का बा, ते नावाड्याचं पुस्तक भेटलं, अख्खं भेटलं. तिथीच चुकलं माहं. बा म्हणे, घेऊन ये. मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आली, झाली का येईन. बा खोकलला. मंग म्हणे, परीक्षा दरसाल येते, बाई.

मी गेली. तीन दुपारी वाचून दाखवलं त्याले, त्याच सपरीत, तो खाटेवर, मी खाली. शेवटच्या पानावर आली अन् मले होईना. मी जुनीच गोष्ट सांगतली, पोरगी आली, तिनं डोंगा चालवला. बा माह्या तोंडाकडे पाहतच राह्यला. मंग म्हणे, बाई, तुहे डोळे हालून नाई राह्यले. म्हणे, वाचनाऱ्याचे डोळे इकडून तिकडे जाते, मी जनमभर वाचनाऱ्याची तोंडंच पाह्यली. लहानपणी बी शेवट आला का तुहे डोळे थांबत. मी म्हटलं, मंग तवा बोलला काऊन नाई? म्हणे, गोष्टी चांगल्या होत्या तुह्या. आता लिवलं हाय ते वाच.

वाचलं मी. बानं सारं ऐकलं, नावाडी मेला तेही ऐकलं. मंग म्हणे, लिवनाऱ्याले पोरगी नसन. अन् मायले म्हणे, चहा टाक.

आठ दिवसानं बा गेला. मी जवळच होती, पाणी माह्याच हातचं प्याला. माहे दोन पेपर बुडाले, लोकं बोलले, बापापायी वर्ष घालवलं पोरीनं. बोलू दे. पुस्तक मी लायब्ररीत वापस केलं, एकही पान फाटलेलं नव्हतं.

आता मंडईच्या नाटकात मी पडद्यामागं बसून वाचते, समोरचा अडला का सांगते. तालीम नसली तवा हाती येईन ते पुस्तक वाचते, पण आधी मागून उघडून पाहते, शेवटचं पान हाय का नाई. नावाड्याचं पुस्तक विकत आणलं, सर्वात जास्त तेच वाचते. शेवटच्या पानावर पोचली का दरवेळी थांबते, अन् मंग लिवलं हाय तेच वाचते. माय अजून बाजाराले जाते, पण रद्दीत पुस्तक दिसलं का बाजूले काढून ठेवते, फाडत नाई. बाले पाहाले भेटलं नाई, पण पुढच्या साली मी ते दोन पेपर दिले अन् बी.ए. पास झाली, आमच्या टोलीतली, साऱ्या वस्तीतली पहिली.